तळव्यावरचा तंगूस

मंगळवार संध्याकाळ, चारकोप

अजून डोक्यातून जात नाही. शुगरच्या डॉक्टरीणबाईंनी आज मला डोळे मिटायला लावले. म्हणाल्या, "मावशी, तळपायाला हा धागा लावते. जाणवला की हो म्हणा." धागा कसला, गावाकडे मासे पकडायच्या गळाला बांधतात तो तंगूस. मी म्हटलं, "मासा गावला तर अर्धा माझा." सून सुप्रिया खुसखुसली.

मग मी आपली हो, हो, हो करत सुटले. पास व्हायचं होतं ना. बाई हसल्याच नाहीत. "तुम्ही हो म्हणालात तेव्हा मी लावलाच नव्हता. लावला तेव्हा गप्प होतात."

असं कसं? रात्री ह्याच तळव्यांची आग आग होते, चादर टेकलेली खपत नाही. मग तंगूस कसा नाही कळला? बाई म्हणाल्या, शुगरने नसा बिघडल्या की आग पण होते आणि पाय बधिर पण होतो. जखम झालेली कळत नाही, चिघळली तर पाय जाऊ शकतो. पाय जाऊ शकतो म्हणाल्या, अगदी सरळ.

आमचे हे असताना नुसतं तळव्याकडे बोट न्यायचे, तरी मी हसून लोळायचे. तेच पाय ना हे?

आत्ता सुप्रियाने पाय मांडीवर घेतला. "आई, टाचेला फोड आलाय. दाबलं तर दुखतंय? खरं सांगा हं."

जिभेवर मस्करी आलेली, गिळली. म्हटलं, "नाही गं. तू दाबतेयस हेसुद्धा बघून कळलं."