तपासणीच्या दिवशीचं पाणी

हुडकेश्वर, नागपूर

प्रिय मिनल,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरत होतो. तू फार आनंदात होतीस. शेकडो वर्षं जहाल राहणारं अणुकचऱ्यातलं अमेरिशियम तुम्ही संशोधन अणुभट्टीत ठेवलं आणि ते जवळजवळ एक तृतीयांश कमी झालं. आईनं लगेच शेजारच्या लतिकाताईंना सांगून टाकलं. तिला त्यातलं काडीचं कळलं नाही, पण लेकीनं काहीतरी वाईट कमी केलं, एवढं तिला पुरे होतं. मग जाता जाता तू म्हणालीस की थोड्याचं क्युरियम झालं, ते आणखी तापणारं, आणखी किरण फेकणारं, आणि साहेबांच्या सांगण्यावरून तेवढं अहवालात घेणार नाही. एक तारखेला त्यावर तुझी सही. मी 'छान' म्हणालो. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

आपलं वीज केंद्राच्या कॉलनीतलं घर तुला आठवतं ना? सकाळी स्कूटरच्या सीटवर राख बसलेली असायची आणि तू त्यात बोटानं नाव लिहायचीस. मी राख विभागातच होतो. केंद्रातली राख पाण्याबरोबर तलावात सोडायचो; ती वाळली की शेजारच्या गावावर उडायची. तपासणीचे साहेब यायच्या तासभर आधी मी टँकर बोलावून तिच्यावर पाणी मारून घ्यायचो. ओली राख कशाला उडते? हवेतली धूळ मोजणाऱ्या यंत्रावर आकडा चांगला यायचा, खाली माझी सही, आणि दुपारपर्यंत सगळं परत कोरडं. अकरा वर्षं हे केलं आणि स्वतःला हुशार समजलो. आकडा खोटा नव्हता, असं आईलाही ठासून सांगायचो.

बुधवारी धोंडबाकडे जाऊन आलो. त्याचं शेत त्या तलावाला लागूनच. आता खोकल्यामुळे तो बसूनच झोपतो. मी सगळं सांगितलं, हात जोडले. तो म्हणाला, "मले मालूम होतं, साहेब. टँकर आमच्याच पांदणीनं जात. ते दिसले का बाया त्या दिवशी गोधड्या वाळू घालत."

फोनवर मी पुन्हा 'छान' म्हणून मोकळा होईन, म्हणून हे पत्र. क्युरियम लिही, बेटा. साहेब चिडतील, पुढचं काम अडेल, मला कळतं. पण उद्या कोणीतरी तुमच्या त्या कचऱ्याचा डबा निवला समजून उघडेल. मला हात जोडायला धोंडबा तरी सापडला. तुला त्या माणसाचं नावही कळणार नाही.

तुझाच, उशिरा बोललेला,
बाबा