लेझीम पथकाला मी लावलेली शिस्त

४ जानेवारी
गल्लीतल्या बायकांचं लेझीम पथक आजपासून माझ्याकडे. कुणी दिलं नाही, मीच घेतलं. सव्वीसला कडेगावात स्पर्धा. पहिला नंबर आपलाच, असं पारावर भाऊसोला सांगूनही आलो. सतरा वर्षं फौजेत काढली, असला गबाळा कारभार पाहिला नाही. एक हसतेय, एक भडंग खात खेळतेय, मनाला येईल तो डाव. किळस आली. माझी बायको मंगल म्हणाली, दिवसभर रानात भांगलून आल्यावर तेवढाच जीव रमतोय, रमू द्या की. जीव रमवून नंबर येत नसतो.

७ जानेवारी, संध्याकाळी ७
मोटिव्हेशनचा व्हिडिओ पाहिला. माणूस बक्षिसाशिवाय हलत नाही. जाहीर केलं: बेस्ट खेळेल तिला कुकर. डाव मी ठरवणार, गाणं मी, साडीचा रंगही मी. शिट्टी वाजल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. सगळ्या गप्प. याला म्हणतात रिस्पेक्ट.

१० जानेवारी
शालूबाई गैरहजर. तिच्या घरी दोन कुकर हायत म्हणे, तिसरा काय करायचा. क्रांतीनं विचारलं, आजच्या प्रॅक्टिसचं काय मिळणार? इतकी वर्षं फुकट नाचल्या तेव्हा नाही विचारलं. हावरट. चहा-बिस्किटं सुरू केली.

१५ जानेवारी
बिस्किटं संपली की प्रॅक्टिस संपते. शिवांजली आणि राहीबाईचा अबोला. कुकर दुसरीलाच मिळणार असा दोघींनाही संशय. फौजेत मेडलं मिळायची, पण अशी धुसफूस नव्हती. होती, पण ती वेगळी. बक्षिसात कढई वाढवली.

१९ जानेवारी
चौघी आल्या. दोघी सुट्टी मागायला. मंगलनंही पथक सोडलं. कढई आपल्याच स्वयंपाकघरातली आहे, हे तिनं ओळखलं.

२३ जानेवारी
मैदानावर मी आणि एक कुत्रं. बिस्किटासाठी का होईना, वेळेवर येतं. बायकांची लायकीच नाही. मंगल रोज संध्याकाळी असते कुठं, विचारायला हवं.

२६ जानेवारी, दुपारी
ताप आल्याचं सगळीकडे कळवलं. भाऊसोचा फोन: हंबीरराव, तुमच्या बायका लय भारी खेळल्या की, पहिल्या आल्या. रोज शाळेमागं खेळायच्या म्हणे. म्हणजे चोरून प्रॅक्टिस. मनाला येईल तो डाव. थू असल्या नंबरावर.

संध्याकाळी ६
मंगल गुलालात माखून आली. म्हणाली, चौकात परत खेळतोय आमी, वाटलं तर या, शिट्टी घरात ठेवा. मी विचारलं, मला काय मिळणार? काय न्हाई, म्हणाली, आणि गेली.
काहीच मिळणार नसेल तर जायचं कशाला. मान आहे मला. हलगी पार घरात ऐकू येतेय. पाय हलायला लागला, म्हणून मांडी घालून बसलो.