फळ्यावर कधीच न फसलेला प्रयोग

२४ फेब्रुवारी १९९७, सोमवार
पेपरात विलायतेतल्या मेंढीची बातमी. एका मेंढीवरून हुबेहूब दुसरी केली म्हणे. स्टाफरूममध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. साहजिक आहे, या शाळेत विज्ञान म्हणजे मी. डीएनएवर बराच वेळ बोललो. मराठीच्या वेणूबाई मध्येच उठून गेल्या. तास असावा.
मुख्याध्यापिका राजलक्ष्मीबाईंनी विचारलं, शुक्रवारी विज्ञान दिन आहे, काही करताय का? मी म्हणालो, फळातून डीएनए काढून दाखवतो. प्रत्यक्ष. बाई चकित झाल्या. मीपण.
जेवताना घरी सांगितलं. ज्ञानेश्वरी माझीच मुलगी आणि माझ्याच वर्गात, नववी ब. घास हातात तसाच धरून म्हणाली, पप्पा, खरंच डोळ्यांना दिसतो? म्हटलं, दिसतो म्हणजे काय, चांगला तरंगतो. पोरीचा चेहरा असा फुलला की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

२५ फेब्रुवारी
ट्रेनिंगला मिळालेला कागद सापडला. केळं कुस्करा, मीठ आणि शाम्पूचं पाणी घाला, गाळा, वरून गार स्पिरिट अलगद सोडा. पांढरे तंतू वर येतात. झालं! ज्याला शिकरण येतं त्याला हे येईल. मला शिकरण येत नाही, पण तो मुद्दा वेगळा.
सौ. म्हणाली, एकदा घरी करून बघा, हात दाखवून अवलक्षण कशाला? हसलो. एकोणीस वर्षं शिकवतोय. माझी पद्धत ठरलेली: रंगीत खडूने फळ्यावर आकृती, खाली साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. पोरं जर्नलमध्ये उतरवतात, मी सही करतो. या पद्धतीने माझा एकही प्रयोग आजवर फसलेला नाही. आमच्या टेस्ट ट्यूब अजून कंपनीच्या कागदात आहेत. दुसऱ्या शाळांत फुटतात.

२६ फेब्रुवारी
स्पिरिटचं टेन्शन. दारूही चालते, असं कागदात आहे. पण शाळेच्या व्यसनमुक्ती समितीचा प्रमुख मी. वाशीतल्या दुकानात कोणीतरी बघणारच. म्हणून बसने तुर्भ्याला गेलो, तिथे मला कोण ओळखतं?
काउंटरपाशी पोचतोय तोच खांद्यावर हात. वर्गातल्या विद्यार्थ्याचे वडील, ज्योतिबा, मार्केटात माथाडी. मूळचे साताऱ्याकडचे, आमच्याच बाजूचे. मोठ्यांदा म्हणाले, "गुरुजी! तुमी हितं?" मी म्हणालो, एक पत्ता शोधतोय. कुणाचा, म्हणाले. मला नाव सुचेना. शेवटी बिचाऱ्यांनी मला बसस्टॉपपर्यंत सोडलं आणि बस हलेपर्यंत उभे राहिले.
शरमेचं काही कारण नाही. मी विज्ञानासाठी गेलो होतो.
बसमध्ये आठवलं, लॅबच्या कपाटात स्पिरिटची बाटली आहे की! काठोकाठ. गेल्या वर्षी इन्स्पेक्शनला रिकामी दिसू नये म्हणून मीच भरली होती. उगीच वणवण केली.

२७ फेब्रुवारी
ज्योतिबांनी पोराबरोबर केळ्यांची अख्खी फणी पाठवली. बरोबर निरोप: कालचा पत्ता घावला का?
वर्गात फळ्यावर प्रयोग उरकून घेतला, म्हणजे उद्या वेळ वाचेल. निरीक्षण: पांढरे तंतू वर आले. सगळ्यांनी उतरवलं. ज्ञानेश्वरीने हात वर केला. शाळेत ती मला सर म्हणते, तसा नियमच केलाय मी. म्हणाली, सर, निरीक्षण उद्या बघून लिहिलं तर? वर्ग खो खो हसला. समजावलं, उद्या गर्दीत अक्षर बिघडेल.
चुणचुणीत आहे, पण पद्धत कळत नाही अजून.

२८ फेब्रुवारी, विज्ञान दिन
प्रयोग झाला. टाळ्या पडल्या. हे आधी लिहून ठेवतो.
सगळा स्टाफ आला होता. केळं मी छान कुस्करलं. गाळलं. फ्रीजमधून गार करून आणलेलं स्पिरिट कडेने सोडलं. थांबलो. आणखी थोडं सोडलं. आणखी थांबलो. ग्लासात गढूळ पाणी आणि त्यावर शाम्पूचा फेस.
मग सवयीने तोंडातून गेलं, दिसतंय का? पन्नास पोरं एका सुरात, "होऽऽ सर!" घणसोली गावचा दीपेश तर बाकावर चढला, "हाय ना सर! पांढरं पांढरं हाय!" राजलक्ष्मीबाईंनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, हो, थोडंसं दिसतंय. त्यांच्यामागून सगळ्या स्टाफला थोडंथोडं दिसलं.
आणि ज्ञानेश्वरी उभी राहिली. "सर, मला काहीच दिसत नाही. फेस दिसतोय नुसता."
मी म्हणालो, डोळे तपासून घे. वर्ग हसला. ती बसेना. म्हणाली, सर, तुम्हाला दिसतंय का?
तिला वर्गाबाहेर उभं केलं. वेणूबाई म्हणाल्या, शिस्त म्हणजे शिस्त, पोटच्या पोरीलाही सोडत नाहीत सर. उरलेली केळी वाटली. बाहेर एक द्यायचं राहून गेलं.
घरी आल्यावर पाणी आणून दिलं तिने. म्हणाली, घ्या सर.
घरी.

१ मार्च
शाळेत जाऊन बाटली हुंगली. वास नाही. मग सगळं आठवलं. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी भरली होती ती नळाखाली.
म्हणजे पाण्यात पाणी ओतलं मी. म्हणजे दोष पद्धतीचा नव्हता! जरा बरं वाटलं. नंतर वऱ्हांड्यात गेलो, ती उभी होती त्या खांबापाशी, आणि बरं वाटेना.
संकल्प: तिला आजच खरं सांगणे. पण ती वरच्या मजल्यावर, दवाखान्यात नर्स असलेल्या वैशाली सिस्टरकडे जाऊन बसलेली. संकल्प उद्यावर.

२ मार्च, रविवार, दुपार
या घरात स्वच्छता नावाची गोष्ट राहिलेली नाही. पाणी घ्यायला फ्रीज उघडला तर मागे एक ग्लास. तळाशी पपईचा कसला तरी सडलेला रस, वर कापसासारखं पांढरं काहीतरी लोंबतंय. बुरशी! वर दवाखान्यासारखा भपकारा. फळं नासली की असे वास मारतात. कुणाचं लक्ष नसतं. मोरीत ओतला, ग्लास राखेने लख्ख घासून ठेवला. घरातली कामं मी करत नाही असं सौ. म्हणते, तिला दाखवायला उपयोगी पडेल.
संध्याकाळी ज्ञानेश्वरीला नक्की सांगणे.

त्याच दिवशी, संध्याकाळ
ती वैशाली सिस्टरना हाताला धरून खाली घेऊन आली. फ्रीज उघडला. मग माझ्याकडे बघितलं.
सिस्टरनी दवाखान्यातलं स्पिरिट आणून दिलं होतं. तिने काल तीनदा करून पाहिलं, दोनदा फसलं. मी मोरीत ओतला तो तिसरा होता. सौ. म्हणाली, पोरगी सकाळपासून मला फ्रीजचं दारही उघडू देत नव्हती. वर्गाला दाखवायचा नव्हता तिला तो. आधी पप्पांना एकट्यांना दाखवायचा, म्हणजे सोमवारी पप्पाच नेतील आणि कुणी हसणार नाही.
तिने विचारलं, "पप्पा, तुम्ही ओळखलं नाहीत?"
पप्पा म्हणाली. सांगायचं ठरवलेलं सगळं ओठांवर आलं. मी म्हणालो, अगं, लाइट कमी होता.
फ्रीजमध्ये दिवा असतो. घासलेला ग्लास तिने उचलून रॅकवर पालथा घातला आणि अभ्यासाला बसली.
लाज वाटते. एकोणीस वर्षं ज्याची चित्रं काढली ते हातात होतं आणि मी त्याला बुरशी म्हणून राख लावली.
ती दुसऱ्या खोलीत गेल्यावर मोरीची जाळी उचलून पाहिली. बोट घालूनही पाहिलं.
मला काहीच दिसलं नाही.