शांताचा दगड कुठी ठेवायचा

ता. ४ एप्रिल
हिचा गुडघा बरा आहे. सुनेचा ताप उतरला. बैलाच्या खांद्याची सूज तशीच, जू ठेवू देत नाही. धाकट्या भावाले, मारोतीले, काय विचारू? मोहफुलं वेचताना त्याच्या बायकोले, शांताले, वाघानं ओढून नेलं. मिळाली ती अर्धीच. भाऊ भाकर समोर पाहून उठून जातो.

चंद्रपूरहून नातीचा फोन. "आबाजी, जक्स्टापोझिशन म्हणजे काय जी?" डिक्शनरी काढली. दोन गोष्टी शेजारी ठेवणं, म्हणजे त्यांच्यातला फरक दिसतो. पहिला तुकडा लॅटिन, 'जवळ'. त्याचं मूळ अन् आपल्या जुवाचं मूळ एकच! दुसरा तुकडा 'ठेवणं', पण त्याच्याही आधी थांबणं, विसावणं. लई आनंद झाला. मग मारोती दिसला. लाजच वाटली.

ता. ६
आमच्याकडे मेलेल्याच्या नावानं स्मशानात दगड रोवतात. वाघानं मारलेल्याचा मात्र नाल्यापलीकडे, एकटाच ठेवतात. घरच्या मेलेल्यांत ठेवला तर वाघ माग काढत गावात येतो म्हणतात. मारोतीनं शांताचा दगड आमच्या मायच्या दगडाजवळ रोवला. आज गावातला केशव अन् बाकीचे लोक दगड उपटाले सब्बल, लोखंडी पहार, घेऊन आले.

"माझी सून उद्या मोहाले जाईल. तिले काही झालं तं?" केशव म्हणाला.

"माझी तं गेली ना! तिले एकटी काऊन ठेवू?"

सब्बल दगडावर पडली. दगडाचे दोन तुकडे. मारोतीनं कुऱ्हाडीच्या दांड्यानं केशवचा हात मोडला, हाडाचा आवाज आला. मग सारे त्याच्यावर. दात पडले, कान फाटला. मी मधात पडलो. माझं डोकं कोणी फोडलं, दिसलं नाई.

ता. ७
टाके पडले. अक्षर वाकडं येऊन राह्यलं.
सकाळी नाल्याच्या अलीकडे वाघाची पावलं. ओली, ताजी. आता कोणाले काय समजावू? मलेही भ्या वाटते.
केशवचा पोरगा दारात उभा राहून बोलून गेला, "काका, उद्या दगड हलला नाई तं मारोतीलेच तिथी गाडू."

ता. ८
माझ्या जुवाचा नाडा, जू बांधायचा जाड दोर, गायब. स्मशानात गेलो तर मारोतीनं दोन्ही तुकडे त्या नाड्यानं आवळून, पुन्हा मायजवळ उभे केलेले. बाजूले हा स्वतः बसलेला, मांडीवर कुऱ्हाड.
"भाऊ, तू घरी जाय."
गेलो नाई. त्याच्या बाजूले बसलो. कुऱ्हाड मागितली, देत नाई. गावाकडून लोक येताना दिसून राह्यले, पुढे केशव, गळ्यात हात बांधलेला.
नातीले मेसेज टाकला: त्या शब्दात जवळ ठेवलेल्यांचं पुढे जमते का, का नुसता फरकच दिसत राह्यते? बाई, लवकर लिही.