‘एक वृद्ध शिक्षक’ म्हणजे मीच!

हॅम्बर्ग, ५ नोव्हेंबर २००८

तीर्थस्वरूप राजाभाऊंना,

यशवंताचा परदेशातून, आणि रागातून, नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वसुधा म्हणाली, “माझ्या भावाला आधी गुडघ्याचं विचारा, मग काय ते तणतणा.” विचारलं. आता ऐका.

तुमच्या भाच्यानं, चि. पुष्करनं (हे ‘चि.’ सवयीनं पडलं, मनातून नव्हे), माझा जाहीर अपमान केला आहे. त्याच्या संशोधनाचा विषय असा, की आपण काय पाहतो ते डोक्याच्या मागच्या भागातल्या पेशी मिळून कसं सांगतात. एकेकीला धड काहीच कळत नाही. शेकडोंचं एकत्र ऐकलं की उलगडतं. मी म्हटलं, अरे, हा तर माझा कवितेचा तास! दुपारची वेळ, खिडकीतून चिंचेचा पाला उडत येतोय, आणि आठवी ब एका सुरात कविता म्हणतेय. पाठ एकालाही नाही, कुणाला दुसरी ओळ येते, कुणाला नुसतं यमक. पण वर्गाला अख्खी येते! (माझे डोळे भरून आले. पुष्करनं घड्याळ पाहिलं.)

त्याला प्रयोगाला माणसं कमी पडत होती, म्हणून बाप घेतला. बोगद्यासारख्या यंत्रात मला पट्ट्यांनी बांधून निजवलं. समोर कधी डावीकडे, कधी उजवीकडे कललेल्या रेघा. मी नुसतं पाहायचं; कोणत्या रेघा पाहतोय ते माझ्या पेशींवरून संगणकानं ओळखायचं. “बाबा, डोकं हलवायचं नाही. एक मिलिमीटरसुद्धा!” ठीक. पण राजाभाऊ, ते यंत्र वाजतं हो, आणि वाजतं चक्क भुजंगप्रयातात! यमाचा यमाचा यमाचा यमाचा... (बोगद्यात निजवलेल्या एकाहत्तर वर्षांच्या माणसाला हे ऐकवणं सभ्यपणाचं नाही, पण वृत्त ते वृत्त.) त्यातही मेलं दर ओळीला शेवटचा ‘चा’ गिळायचं. यमाचा यमाचा यमाचा यमा– आणि गप्प! पन्नास मिनिटं! जन्मभर वृत्तं शिकवलेल्या माणसानं काय करावं? तो ‘चा’ मी प्रत्येक वेळी मानेनं भरून काढला.

निकाल असा, की संगणकानं छापाकाटा केला असता तरी तेवढंच जमलं असतं. मला यादीतून काढलं आणि पुढे शेरा मारला, ‘आउसरायसर’. म्हणजे बाकीच्यांत न बसणारा. शब्दशः, पळून गेलेला. पट्ट्यांनी बांधलेला माणूस पळाला!

तेही गिळलं. मग एकदा जेवताना पुष्कर कुरकुरत होता, की कितीही पेशी मोजल्या तरी अंदाज एका मर्यादेपुढे सुधारत नाही, कारण शेजारशेजारच्या पेशी चुकतातही एकसारख्या. मी वरणावर लिंबू पिळता पिळता सांगितलं, की १९७१ साली माझ्या वर्गातल्या चाळीसच्या चाळीस मुलांनी एकाच शब्दाची एकच चूक केली होती, आणि तेव्हाचं वाक्य आहे, “या चाळीस चुका नव्हेत, एकच चूक चाळीसदा उतरली आहे.” पुष्करचा घास हातातच राहिला. “गेनाऊ! बाबा, गेनाऊ!” (म्हणजे ‘अगदी बरोबर’.)

आणि परवा त्याच्या व्याख्यानात तेच वाक्य पडद्यावर, जर्मनमध्ये. खाली काय? ‘एक वृद्ध शिक्षक’. नाव नाही! वृद्ध मात्र आहे! साठ माणसांनी बाकं ठोकली. (इथे टाळ्यांऐवजी बाकं ठोकतात, आपण याच गुन्ह्यासाठी मुलांना वर्गाबाहेर काढत होतो.) परतताना बोटीवर मी त्याच्याशी बोललो नाही. वसुधाशीही नाही, कारण ती हसत होती. घरी आल्यावर बजावलं, की प्रबंधात माझं पूर्ण नाव शाळेसकट छापलं नाहीस तर पहिल्या विमानानं परत जाईन. तो म्हणाला, “आल्झो, बाबा, तिकीट बदलता येत नाही.” (‘आल्झो’ म्हणजे ‘तर मग’.) बापाला!

वहिनींना नमस्कार.

आपला,
यशवंत
(वृद्ध नव्हे, सेवानिवृत्त)

ता. क. – पुष्कर कबूल झाला. पण इथे म्हणे प्रत्येक वाक्याला साक्ष लागते, म्हणून महिनाअखेरीस तो तुम्हाला फोन करून विचारणार आहे. “हो, यशवंतच म्हणाला,” एवढं सांगा.

ता. क. २ – वाक्य तुमचं आहे हे मी विसरलेलो नाही. हेडमास्तर म्हणून तुम्हीच मला ऑफिसात बोलावून ते सुनावलं होतं. फक्त त्याचा उरलेला भाग, ‘आणि ती फळ्यावर तुमच्याच अक्षरात आहे’, कृपा करून आठवू नका.