हातात मावणारा दगड

तीर्थस्वरूप दादा,
धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार.

मी सुखरूप आहे, जेवण वेळेवर मिळतं. माझ्या गुडघ्याच्या दुखण्याचं आईला सांगू नकोस.

आज खाणीच्या साहेबाने ह्यांच्या मृत्यूचा चौकशी अहवाल पुढे केला. ‘कामात लक्ष नसल्याने सुटा दगड लागून मृत्यू.’ वर म्हणतो, “बाई, दगड तो दगड. सही करा.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

इथल्या वाचनालयात मी वाचलंय. जुन्या ग्रीक भाषेत जागचा न हलणारा कडा म्हणजे पेत्रा आणि हाताने उचलून फेकता येईल तो पेत्रोस. हे शब्द मुळात आले कुठून, ते पंडितांनाही ठाऊक नाही, पण त्या लोकांना फरक कळत होता. साहेबाला तेच सुनावलं.

त्या सकाळी ह्यांनी पहारीने कडा ठोकून पाहिला होता. आवाज पोकळ आला, तसं मुकादमाला सांगितलंही. तो म्हणाला, “ठोकत काय बसलास? कामाला लाग.” अख्खा कडा कोसळला, दादा, आणि ही साहेबमंडळी लिहितात सुटा दगड!

वहिनीचा खोकला थांबला का? माझी काळजी करू नका. मी सही केलेली नाही. कागदावर ‘कडा’ लिहीपर्यंत मी परत येणार नाही.

तुझी,
धाकटी