शामरावाचं कार्ड

रुवैस,
९ मार्च २०११

प्रिय मिल्का,

तुझं पत्र ठाण्याला आलं आणि माझ्या भावानं, अनिलनं, ते दुसऱ्या पाकिटात घालून इकडे पाठवलं. मला ते बारा दिवसांनी मिळालं. इथून, आखातातून, तुमच्या देशात टपाल जात नाही, तिकडून इथे येत नाही. त्रेचाळीस वर्षं झाली तू जाऊन, तरी आपल्या दोघींच्या मधे अजून ठाणंच आहे. हे पत्रही तसंच येईल. माझ्या मुलाच्या, निखिलच्या, प्लांटमधला वासुदेव नावाचा फिटर उद्या सुट्टीवर मुरूडला निघालाय, तो मुंबईत उतरल्यावर पोस्टात टाकेल. सकाळी बघायला आला होता किती सामान आहे ते. म्हणाला, "काकू, लाडूबिडू नाहीत ना ह्यात? गेल्या वेळी कस्टमवाल्यानं माझे अर्धे खाल्ले." मी म्हटलं, जुनी भांडी आहेत रे, मैत्रिणीची. खोटं नव्हतं ते.

तर डबा येतोय. तोच, बिस्किटांचा, झाकणावर घोडागाडी असलेला. मी एकेक वस्तू मऊ कापडात गुंडाळली आहे. शुक्रवारच्या प्रार्थनेचा चांदीचा पेला आहे. पुसला नाही, म्हटलं तुझ्या हातानं पुसावास. शमुवेलकाकांचा अॅल्युमिनियमचा चमचा आहे, दांड्यावर त्यांनी खिळ्यानं ओढलेल्या रेघा आहेत. आपण लहानपणी त्या मोजायचो आणि दर वेळी वेगळा आकडा यायचा. तुझ्या आईच्या लग्नातला फोटो आहे, मुंडावळ्या बांधलेला. तुमचं प्रार्थनेचं पुस्तक मात्र मी इकडे कधीच आणलं नव्हतं, ते अनिलकडे आहे, तो वेगळं पाठवेल.

तुझी आई, सारामावशी, कशी आहे हे विचारायला हात धजत नाही. डॉक्टरांनी आठवडेच सांगितलेत असं तू लिहिलंस. दिसत काहीच नाही, जेवण सुटलंय, आणि मराठीत फक्त एकच मागणं चाललंय: शामरावाचं कार्ड आणा, हातात द्या. तुझ्या मुलांना वाटतं आजी भ्रमात आहे, कारण आजोबांचं नाव शमुवेल होतं. तू त्यांना सगळं सांगितलंस ना? सांग. तिकडे त्यांना हे दुसरं कोण सांगणार?

मला ते तुझ्या आईनं तुमच्या स्वयंपाकघरात बिरडं सोलता सोलता सांगितलं होतं. बेचाळीस साली वाळवंटात काकांची तुकडी जर्मनांच्या हाती लागली. सगळ्यांना उन्हात उभं करून नावं विचारायला लागले. काकांनी आपलं ज्यू नाव सांगायला तोंड उघडायच्या आत शेजारचा हवालदार, पोलादपूरचा, ओरडला, "हा शामराव झिराडकर, मराठा." आडनाव आमच्यासारखंच, बोलणं आमच्यासारखंच, कोणाला संशय येणार? पुढची तीन वर्षं, इटलीत आणि मग जर्मनीत, काका शामराव होते. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागला की त्यांच्या वाटची लाकडं तो हवालदार फोडायचा आणि कोणी विचारलं तर सांगायचा, शामरावाचा उपास आहे. चव्वेचाळीस साली छावणीतून घरी कार्ड आलं. पुढे काकांचा फोटो, मागे पेन्सिलनं चार शब्द: मी खुशाल आहे. शामराव. पोस्टमन उभा, सासू उभी, अर्धी आळी दारात. आपल्या नवऱ्याचा चेहरा आणि परक्याचं नाव. तुझी आई बावीस वर्षांची होती. तिला एका क्षणात सगळं कळलं आणि तोंडातून हाक फुटू नये म्हणून तिनं कार्डाचा कोपरा दातांखाली धरला. सासूनं विचारलं, काय गं, नाव असं का? तर म्हणाली, लिहिणाऱ्यानं चुकवलं असेल. काका परत येईपर्यंत तिनं कोणाला काही सांगितलं नाही.

तुमचं आडनाव सगळ्यांनाच फसवायचं. शाळेत सिस्टर फिलोमिनांनी पहिल्या दिवशी हजेरी घेतली आणि तुला आम्हा हिंदू मुलींबरोबर मॉरल सायन्सला बसवलं. महिन्यानं त्यांना कळलं, तेव्हा त्या चष्मा काढून तुझ्याकडे किती वेळ बघत राहिल्या! कॅथलिक मुलींत बसवता येईना, आमच्यात ठेवता येईना. शेवटी म्हणाल्या, "स्टे विथ अनुराधा." मग तू माझ्याच बाकावर राहिलीस. तुम्ही देश सोडलात तेव्हा डबाही तसाच माझ्याकडे राहिला, नाही का? तुमचे एलायझाकाका तो मागाहून तिकडे आणणार होते, ते ठाण्यातच वारले. मग तू दर पत्रात लिहायचीस, टपालानं पाठवू नकोस, हरवेल, पुढच्या वर्षी मीच येते.

चौऱ्याण्णव साली आम्ही दुबईला आलो तेव्हा आमचं ठाण्याचं घर पाडायला काढलं होतं, म्हणून मी डबा बरोबर घेतला. विमानतळावर त्यांनी तो उघडला. मी इतकी घाबरले मिल्का, कशाला ते मलाही सांगता येणार नाही. त्यात हिब्रूचं एक अक्षर नव्हतं. त्या पोरगेल्या अधिकाऱ्यानं कार्डावरचा काकांचा फोटो उचलून हिंदीत विचारलं, ये कौन? माझ्या तोंडून निघून गेलं, मेरे ससुर. राजनच्या वडिलांचं नाव शामराव, हे तुला आठवत असेल. तुला लग्नपत्रिका पाठवली तेव्हा आपण पत्रांतून हसलो होतो. तो म्हणाला, खलास, जाओ. टॅक्सीत राजन हसून म्हणाला, "बाबा इतके देखणे होते तर मी कोणावर गेलो?" आणि मग फोटो माझ्याकडून मागून घेतला. त्याचे वडील गेले तेव्हा तो वर्षाचा होता. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता.

दुबईतल्या अल मनखूलच्या घरात फोटो भिंतीवर लावायची कल्पना त्याचीच. कपाटातल्या वस्तूबद्दल लोक विचारतात, भिंतीवरच्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणाला. समोरच्या मैमुनाबीनं विचारलंच, "सासरे काय तुमचे?" मी हो म्हटलं. एकदा हो म्हटलं की पुढे म्हणतच राहावं लागतं. दसऱ्याला झेंडूचं फूल वाहिलं, पितृपक्षात पान वाढलं. शमुवेलकाकांना नैवेद्य! मला क्षमा कर. तेव्हा ती गंमत होती, राजनला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं.

दोन हजार नऊच्या जानेवारीत हमरिया फ्री झोनमधला, तो नोकरीला होता तो लोखंडाचा कारखाना थांबला. मंदीत टॉवर अर्धवट राहिले, त्यांचं लोखंड कोणी उचलेना. मॅनेजर तीनच वाक्यं बोलला म्हणे. राजननं घरी येऊन बूट काढले, ते पुन्हा त्या कारखान्यासाठी घातलेच नाहीत. सहा महिन्यांनी त्याला अर्धांगाचा झटका आला. निखिलनं आम्हाला इकडे रुवैसला आणलं. खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसते, बाकी वाळू. शरीर बरंचसं सावरलं, पण डोक्यातून एकेक माणूस निघून जातंय. आधी शेजारी गेले, मग भाऊ गेला. मला तो "बाई" म्हणतो, "बाई, जरा पाणी द्या." अगदी अदबीनं. तीस-पस्तीस वर्षांत कधी एवढ्या अदबीनं बोलला नव्हता. नात अवनी सहा वर्षांची आहे, ती येऊन सांगते, "आजी, आजोबा इज टॉकिंग टू हिज डॅडी अगेन."

कारण उरलाय तो एवढाच, भिंतीवरचा बाप. सकाळी उठला की फोटो मांडीवर घेतो. काच नको म्हणतो, म्हणून काढली. कार्डाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत बसतो, त्याला सगळं सांगतो: कारखान्याचं, लोखंडाचं, एक बाई घरात आहेत त्या चांगल्या आहेत म्हणून. मागचं वाचतो. मी खुशाल आहे. शामराव. दर वेळी पहिल्यांदा वाचल्यासारखा हसतो. मग जेवतो. फोटो दिला नाही तर जेवत नाही.

तुझं पत्र वाचून त्याच दिवशी मी निखिलला अबूधाबीला पाठवलं. स्टुडिओवाल्यानं हुबेहूब प्रत काढली, तोच तपकिरी रंग, तेवढाच जाड कागद, मागची पेन्सिलसुद्धा. ती मी राजनच्या मांडीवर ठेवली आणि खरं कार्ड तुझ्या डब्यात. त्यानं अंगठा फिरवला. उलटून बघितलं. "बाई, हे आमचे बाबा नाहीत," म्हणाला आणि उठून शोधायला लागला. पलंगाखाली, फ्रिजमध्ये, अवनीच्या दप्तरात. दोन दिवस तोंडात घास घेतला नाही. निखिल म्हणाला, "आई, दे ना त्यांना." तिसऱ्या दिवशी मी डबा उघडला.

म्हणून हे पत्र. डब्यात तळाशी रुमालात गुंडाळलेलं कार्ड आहे, ते खरं नाही. खरं कार्ड या क्षणी पलीकडच्या खोलीत राजनच्या मांडीवर आहे, तुमचं आहे, आणि तो आहे तोवर मला ते उचलता येत नाही. मी प्रयत्न केला, येत नाही. आणि आणखी एक केलं, ते तुला सांगितल्याशिवाय पाकीट बंद करवत नाही. सारामावशीला दिसत नाही. ती बोटांनी आधी कोपरा शोधेल. म्हणून काल दुपारी सगळे झोपले असताना मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि त्या प्रतीचा कोपरा दातांखाली धरून चावला. खरं कार्ड शेजारी ठेवून, बघून बघून. समोरचे दोन दात आता माझे नाहीत, त्यामुळे खूण तितकी खोल उमटली नाही. तिच्या हातात देताना काय सांगायचं ते तू ठरव, मला ठरवता येत नाही. मला वाटतं, हे ते कार्ड नव्हे हे तिला कळेल. आणि तू शेजारी उभी असशील म्हणून, तेव्हासारखीच, ती काही बोलणार नाही.

तुझ्याच बाकावरची,
अनू